करपूर्व नफा आणि दिवाळीची साखर

दसरा उलटला आणि दिवाळी पंधरवड्यावर आली, म्हणजे कृष्णेच्या आणि वारणेच्या काठच्या गावांतून सहकारी साखर कारखान्याच्या गट ऑफिसापुढे सभासदांची रांग लागते. कुणाच्या हातात नायलॉनची पिशवी, कुणाच्या खांद्यावर धुऊन वाळवलेले जुने पोते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून घातलेले साखरेचे कार्ड. खिडकीमागचा कारकून कार्डावर तारीख घालतो, सही किंवा अंगठा घेतो, आणि बाजारात ज्या दराने साखर मिळते त्याहून पुष्कळ कमी दराने ती सभासदाच्या पदरात पडते. ती घेऊन घरी परतणाऱ्या माणसाच्या मनात लाडू-करंज्यांचा विचार असतो; खांद्यावरच्या ओझ्यात प्राप्तिकर कायद्यातला एक गहन प्रश्नही आहे याची त्याला कल्पना नसते, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु हा प्रश्न खरोखरच दिल्लीपर्यंत गेला. बाजारभाव आणि सवलतीचा भाव यांतला जो फरक कारखाना सोडून देतो, ती व्यवसायाची एक रूढ रीत समजायची, की कारखान्याने आपला नफाच सभासदांना साखरेच्या रूपाने वाटला असे समजून त्यावर कर आकारायचा, हा वाद २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे होता; आणि न्यायालयाने तो अपिलीय आयुक्तांकडे परत पाठवताना ही प्रथा साखरधंद्यात रूढ झालेली आहे काय, तिला राज्य शासनाच्या एखाद्या ठरावाचा आधार आहे काय, आणि दिवाळीखेरीज महिनोमहिने दिल्या जाणाऱ्या साखरेचे प्रमाण कोणत्या आधारावर ठरते, हे तपासावयास सांगितले.

या वादाच्या मुळाशी जो शब्द आहे तो आहे ‘करपूर्व नफा’. वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर तो रोज छापला जातो, आणि बहुतेक वाचकांची नजर त्याच्यावरून निसटून जाते. त्याचा अर्थ वरवर पाहता सोपा आहे. वर्षभरात जे मिळाले त्यातून ते मिळवण्यासाठी जे खर्चावे लागले ते सर्व वजा करावे, आणि प्राप्तिकराला अद्याप हात लावलेला नसताना जी बाकी उरते तिला करपूर्व नफा म्हणावे. कच्चा माल, मजुरी, वीज, दुरुस्ती, कर्जावरचे व्याज, यंत्रांचा घसारा, ही सर्व वजावट या ओळीच्या वर. कराची तरतूद तिच्या खाली. आणि त्याच्याही खाली करोत्तर नफा, ज्याला आपण व्यवहारात निव्वळ नफा म्हणतो. ढोबळ नफा याहून निराळा, कारण तो मालाच्या उत्पादनाचा प्रत्यक्ष खर्च तेवढा वजा करून काढलेला असतो आणि व्याजासारखे खर्च त्यात अजून शिरलेले नसतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने नफातोटा पत्रकात करपूर्व नफ्याची ओळ वेगळी दाखवावयास लावली आहे, त्यामुळे ती शोधावी लागत नाही.

अवघड भाग पुढे आहे. आपण बोलताना असे बोलतो, की जणू करपूर्व नफा ही नदीतल्या खडकासारखी आधीपासून असलेली वस्तू आहे आणि हिशेबनिसाने फक्त पाणी ओसरवून ती दाखवावयाची आहे. प्रत्यक्षात ती एक आखलेली रेघ असते, आणि कोणता पैसा त्या रेघेच्या वर राहावयाचा व कोणता खाली, हे कुणीतरी ठरवलेले असते. वर राहिला तो खर्च, त्यावर कर नाही. खाली गेला तो नफ्याचा विनियोग, त्यावर कर आधी द्यावयाचा आणि मग वाटावयाचे. एकच रुपया, एकाच माणसाच्या हातात, एकाच दिवशी दिलेला. परंतु त्याला ‘किंमत’ म्हटले की ‘हिस्सा’, यावर सरकारी तिजोरीत काय जावयाचे ते अवलंबून असते.

मी उमेदीची काही वर्षे एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. आमचे मुख्य हिशेबनीस, ज्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणत, जमाखर्चाचा कच्चा खर्डा नेहमी पेन्सिलीने करीत, आणि वजावटीची बेरीज झाली की लाकडी पट्टीने एक आडवी रेघ ओढून क्षणभर थांबत. मी नवीन असताना त्यांनी मला विचारले होते, “ऊसबिलाचा शेवटचा हप्ता तू रेघेच्या वर धरशील का खाली?” मी म्हणालो, “भाऊ, ऊस म्हणजे कच्चा माल. वरच धरायचा.” त्यावर ते म्हणाले, “मी पण वरच धरतो. पण साहेब खाली धरतात.” साहेब म्हणजे आकारणी अधिकारी. भाऊंनी मग कपाटातून नोटिशींची एक जाडजूड फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर बांधलेली लाल फीत इतक्या वेळा सोडबांध करून विरली होती की ती निरगाठीजवळ तुटायला आली होती.

त्या फायलीतला वाद महाराष्ट्राच्या सहकारी साखरधंद्याने दोन तपांहून अधिक काळ अंगावर वागवला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाला एक किमान वैधानिक भाव ठरवून दिला. त्याहून कमी देण्याची कारखान्याला मुभा नव्हती, अधिक देण्याला आडकाठी नव्हती. १९७४ साली भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून त्या आदेशात ५अ हे कलम आले, आणि साखरेच्या विक्रीतून अपेक्षेपेक्षा जे अधिक हाती येईल त्यातला निम्मा भाग ऊस उत्पादकाला अतिरिक्त भाव म्हणून द्यावा अशी तजवीज झाली. महाराष्ट्रात यापुढेही एक पाऊल पडले. पहिली उचल, दुसरा हप्ता, मग दिवाळीच्या तोंडावर अंतिम बिल, अशा क्रमाने उसाचा दर हंगाम संपल्यानंतर, साखर, मळी आणि बगॅस यांचे काय आले हे पाहून आणि राज्य शासनाची मान्यता घेऊन निश्चित होऊ लागला, आणि तो किमान भावाहून पुष्कळ वर जाऊ लागला. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या प्रयोगाचा पाया घातला, त्याचे सारे इंगित यातच होते, की साखरेतला फायदा भागभांडवलावरच्या लाभांशाच्या वाटेने न जाता उसाच्या भावाच्या वाटेने शेतकऱ्याच्या घरी पोचावा.

प्राप्तिकर खात्याने नेमके त्या वाटेवर बोट ठेवले. नव्वदीच्या दशकापासूनच्या आकारणीवर्षांबद्दल कारखान्यांना नोटिसा येऊ लागल्या. खात्याचे म्हणणे असे, की कायद्याने ठरवलेली किमान किंमत हा खर्च खरा, परंतु वर्षाचा नफा किती होणार हे कळल्यावर, तो नफा पाहून, मालकांनाच दिलेली जी जादा रक्कम, ती किंमत कशी? तो नफ्याचा वाटा. कारखान्यांचे म्हणणे असे, की हा भाव न दिला तर पुढच्या हंगामात ऊस शेजारच्या कारखान्याच्या काट्यावर जाईल. बिगर सभासदालाही आम्ही तोच भाव देतो, मग त्याला आम्ही कोणत्या नात्याने नफा वाटला?

आकडे घेऊन पाहिले म्हणजे या शब्दच्छलाचे वजन ध्यानात येते. समजा एका कारखान्याने हंगामात ५,००,००० टन ऊस गाळला आणि किमान भावावर टनाला २०० रुपये जादा दिले. ही रक्कम १० कोटी रुपये होते. ती खर्च मानली तर कारखान्याचा करपूर्व नफा, समजा, १ कोटी उरतो. ती विनियोग मानली तर तोच करपूर्व नफा ११ कोटी होतो. कारखान्यात एक पोते साखर अधिक तयार झालेली नाही, बँकेत एक रुपया अधिक आलेला नाही. रेघ फक्त चार ओळी वर सरकली, आणि सहकारी संस्थांच्या ३० टक्के दराने ३ कोटींहून अधिक कराची मागणी उभी राहिली. ही मागणी ज्या पैशावर आहे तो पैसा केव्हाच वाटला गेलेला असतो. त्यातून कुणाच्या विहिरीवर मोटार बसली असते, कुणाच्या मुलीचे लग्न झाले असते. कर मात्र मागायचा कारखान्याकडे, आणि कारखान्याने तो द्यायचा म्हणजे पुढच्या वर्षीच्या उसाच्या भावातून.

खात्याच्या बाजूचा न्याय मी नाकारीत नाही. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे, ही १८८६ च्या कायद्यापासून चालत आलेली व्यवस्था; तेव्हा कारखान्याच्या हातात जो पैसा नफा म्हणून पकडता आला असता, तो उसाची किंमत या नावाने शेतकऱ्याच्या हातात गेला की कराच्या कक्षेतून तो कायमचाच निसटला. एखाद्या संस्थेने आपला सर्व नफा किमतीच्या नावाखाली सभासदांना देऊन करपूर्व नफा दरसाल शून्यावर आणून ठेवावा, हे तत्त्व म्हणून कोणत्याही राज्यकर्त्याला मान्य होणार नाही. ५ मार्च २०१९ रोजी तासगावच्या कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार करून निर्णय दिला, की ५अ कलमाखालच्या जादा भावात नफ्याचा जो अंश मिसळलेला असेल तेवढा विनियोग समजावा, उरलेला खर्च समजावा, आणि तो अंश किती हे आकारणी अधिकाऱ्यांनी प्रत्येक प्रकरणात हिशेब पाहून ठरवावे. तर्कदृष्ट्या हा निर्णय निर्दोष आहे. व्यवहारात मात्र दुधात मिसळलेले पाणी वीस वर्षांनंतर वेगळे करावे तसे ते काम होते. तोपर्यंत त्या हिशेबाचे निम्मे कागद वाळवीने खाल्लेले होते आणि भाऊंसारखे लोक निवृत्त होऊन गेले होते.

अखेर तोडगा निघाला तो कायदेमंडळातून. या निकालाच्या आधीच २०१५ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद केली, की सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंत सहकारी कारखान्याने उसाला दिलेली किंमत खर्च म्हणून वजा मिळावी, आणि ती २०१६-१७ या आकारणीवर्षापासून लागू झाली. मागच्या वर्षांचे भिजत घोंगडे तसेच राहिले. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात तेही सुटले. २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांत शेतकऱ्यांना दिलेल्या रकमा खर्च म्हणून मागता येतील असे जाहीर झाले, आणि त्यामुळे साखर सहकाराला मिळणारा दिलासा जवळजवळ १०,००० कोटी रुपयांचा असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. एका शब्दाची व्याख्या संदिग्ध राहिली तर तिची किंमत किती होते याचा इतका स्पष्ट आकडा क्वचितच हाती लागतो.

मला या कथेत सर्वांत जास्त टोचते ते निराळेच. इतकी वर्षे ही कराची मागणी कारखान्यांच्या अहवालांत ‘संभाव्य देणी’ या सदराखाली बारीक अक्षरांत छापली जात होती, आणि सर्वसाधारण सभेत त्यावर क्वचितच प्रश्न होई. सभासद दराबद्दल भांडत, काटामारीबद्दल भांडत, उताऱ्याबद्दल भांडत, आणि ते योग्यच होते. परंतु आपल्या घरी आलेल्या हप्त्याला हिशेबात काय नाव दिले आहे, आणि त्या नावावरून आपल्याच संस्थेच्या डोक्यावर किती बोजा चढला आहे, हे विचारण्यासाठी लागणारी भाषा त्यांना कुणी दिलेली नव्हती. आम्ही हिशेब खात्यातल्या माणसांनीही दिली नाही. अहवाल मराठीत निघत असे हे खरे, पण त्यातले मराठी परिभाषाकोशातून उचलून जसेच्या तसे ठेवलेले असे, आणि त्यापेक्षा गावच्या वाण्याच्या कीर्द-खतावणीतले मराठी शतपटीने बोलके होते.

नफ्याची रेघ कुठे ओढायची, या प्रश्नाने महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचे याहूनही मोठे नुकसान एकदा केलेले आहे. पेशवाई बुडाल्यानंतर पुणे जिल्ह्यात इंग्रजांनी जी पहिली शास्त्रशुद्ध म्हणविणारी जमाबंदी केली, ती प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२७ नंतरच्या काही वर्षांत केली. इंग्लंडात त्या वेळी नव्याने मान्यता पावलेल्या अर्थशास्त्राप्रमाणे त्याने ठरवले, की शेतात पिकलेल्या एकंदर मालाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करावा, जे निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारने सारा म्हणून घ्यावेत, आणि बाकीचे रयतेला ठेवावे. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याने प्रत्येक शेताचा करपूर्व नफा काढला आणि त्यावर ५५ टक्क्यांनी कर बसवला. सिद्धांत निर्दोष होता. पण बैलाची वैरण, घरच्या माणसांचे राबणे, तीन वर्षांतून एकदा पाऊस दगा देतो त्याची तूट, हे सगळे त्या वजावटीत कसे धरायचे? अंदाज फुगले, माहिती देणाऱ्या हाताखालच्या नोकरांनी आपले हात ओले करून घेतले, आणि सारा इतका जड झाला, की थकबाकी साचत गेली व रयतेने जमिनी पड टाकल्या. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले तेव्हा त्यांनी निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नादच सोडला. जमिनीची प्रत पाहून, पूर्वी किती सारा सुखाने वसूल होत असे ते पाहून, तीस वर्षांसाठी माफक आकार ठरवून दिला. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र चालली. प्रिंगल दुष्ट नव्हता. त्याने खर्चाची यादी शेतकऱ्याच्या दारात उभे राहून केली नाही, आणि त्याच्या रेघेच्या वर जे यायला हवे होते त्यातले पुष्कळ खाली राहिले.

मोठ्या कंपन्यांच्या जगात हीच रेघ दोनदा ओढली जाते, हे सामान्य भागधारकाला माहीत असणे अगत्याचे आहे. एक नफा कंपनी कायद्याप्रमाणे, जो भागधारकांना दाखवला जातो; दुसरा प्राप्तिकर कायद्याप्रमाणे, ज्यावर कर भरला जातो. यंत्राचा घसारा पहिल्या हिशेबात त्याच्या आयुष्यावर सारखा वाटून टाकता येतो, दुसऱ्यात उरलेल्या किमतीवर साधारण १५ टक्क्यांनी दरसाल उतरतो. एखादी सवलत एकीकडे असते, दुसरीकडे नसते. आणि म्हणून पत्रकात छापलेला करपूर्व नफा व प्रत्यक्ष करपात्र उत्पन्न ही जुळी भावंडे दिसली तरी एक नसतात. ऐंशीच्या दशकात काही नामांकित कंपन्या भागधारकांना घसघशीत लाभांश देत आणि प्राप्तिकर मात्र शून्य भरत, हे उघड झाले तेव्हा १९८७ च्या अर्थसंकल्पात, जो पंतप्रधान राजीव गांधी यांनी स्वतः मांडला होता, असा नियम आला, की पुस्तकी नफ्याच्या किमान ३० टक्के रक्कम तरी करपात्र उत्पन्न समजली जावी. मधे काही वर्षे खंड पडला तरी तो किमान पर्यायी कर रूपे बदलीत अजून चालू आहे. भागधारकापुढे श्रीमंत आणि तिजोरीपुढे दरिद्री असा दुहेरी संसार कुणाला करता येऊ नये, ही त्यामागची दृष्टी मला नेहमीच योग्य वाटत आली.

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजी येथे अर्थमंत्र्यांनी देशी कंपन्यांसाठी, इतर सवलती सोडून देण्याच्या अटीवर, २२ टक्क्यांचा दर जाहीर केला; अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो, म्हणजे जवळजवळ चौथाई. शाहू महाराजांच्या दरबाराला १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या ज्या सनदा मिळाल्या, त्यांतला चौथा हिस्सा सर्वांना पाठ असतो; परंतु मूळ ठरलेला तनखा आणि प्रत्यक्ष हाती येणारा वसूल यांत मोठी तफावत असे, आणि चौथा हिस्सा कशाचा, यावरच मामलेदारांचे सारे कसब लागे. आजही टक्केवारीची चर्चा गाजते आणि ज्यावर ती लावायची त्या पायाची चर्चा दोन-चार तज्ज्ञांच्या खोलीत होते.

कंपनी कायद्यातली आणखी एक गोष्ट मी येथे मुद्दाम नमूद करतो, कारण तिच्यातून ही रेघ कुणाच्या सोयीची हे दिसते. सार्वजनिक कंपनीच्या संचालकांना व व्यवस्थापकांना मिळून द्यावयाच्या मोबदल्याला ११ टक्क्यांची जी सर्वसाधारण मर्यादा आहे, ती ज्या नफ्यावर मोजतात त्यातून प्राप्तिकर वजा केलेला नसतो. समाजकार्यासाठी २ टक्के खर्च करण्याचे बंधनही तशाच, करपूर्व धर्तीवर काढलेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर आहे. भागधारकाचा लाभांश मात्र कर भरून उरेल त्यातून. म्हणजे व्यवस्थापक आणि समाज रेघेच्या वर उभे राहून आपले माप घेतात, आणि मालक खाली उभा राहून. समाजाच्या बाबतीत मला हे उचित वाटते. व्यवस्थापकाच्या बाबतीत वाटत नाही; जो माणूस कंपनीचा कर वाढेल की घटेल अशा निर्णयांवर सही करतो, त्याचा मोबदला कर भरल्यानंतरच्या नफ्याशी बांधलेला असावा, असे माझे मत आहे, आणि कायद्यात हा बदल करणे कठीण नाही.

पगारदार माणसालाही हा शब्द चुकत नाही. मुलाचे ‘पॅकेज’ बारा लाख असे लग्नाच्या पत्रिकेबरोबर सांगितले जाते, तेव्हा तो करपूर्व आकडा असतो, आणि पुष्कळदा त्यात भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता, असे हाती न येणारे पैसेही मिळवलेले असतात. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ‘बारा लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त’ असे मथळे आले. पण कोणते उत्पन्न? पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर जे उरते ते. म्हणून नव्या करपद्धतीतल्या नोकरदाराला १२,७५,००० पर्यंत कर लागत नाही, आणि ज्याला भांडवली नफा झाला आहे त्याला ही सूट त्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला उपयोगी पडत नाही. मथळ्यात एक शब्द अधिक घातला असता तर त्या आठवड्यात कितीतरी घरांतली चुकीची गणिते टळली असती.

म्हणून माझी पहिली मागणी आपल्या मराठी वृत्तपत्रांकडेच आहे. एखाद्या कंपनीचा, बँकेचा किंवा कारखान्याचा ‘नफा’ इतके कोटी, असे छापताना तो करपूर्व की करोत्तर, हे त्याच वाक्यात सांगितले जावे. हे न सांगता एका तिमाहीचा करपूर्व आकडा दुसऱ्या तिमाहीच्या करोत्तर आकड्याशेजारी ठेवून वाढ किंवा घट दाखवणे म्हणजे सोललेल्या नारळाचे वजन न सोललेल्याशी ताडून पाहणे होय. दुसरी मागणी सहकारी संस्थांकडे. राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तेव्हा निव्वळ नफ्याचा आकडा ज्या करपूर्व आकड्यावरून निघाला, तो कसा निघाला, हे सभासदाला समजेल अशा भाषेत अहवालाच्या पहिल्या पानांत यावे. उसाला काय दिले, त्यातले किमान भावाचे किती आणि वरचे किती. सवलतीच्या साखरेत किती सोडले. कोणत्या रकमेवरून आयकर खात्याशी वाद आहे आणि तो हरल्यास टनामागे किती रुपये जातील. टनामागे, कारण शेतकरी टनाच्या भाषेत विचार करतो. कोटीच्या भाषेत सांगितलेली गोष्ट त्याच्या कानावरून जाते; टनाला साठ रुपये म्हटले की तो उठून उभा राहतो.

२००९ साली किमान वैधानिक भावाची जागा रास्त आणि किफायतशीर दराने घेतली, आणि त्यात शेतकऱ्याच्या जोखमीचा व नफ्याचा अंशही आधीच धरला जाऊ लागला. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा तो दर आहे. त्याहून अधिक देणारे कारखाने आहेत आणि पुढेही राहतील, आणि सरकारमान्य भावाच्याही वर एखाद्या संस्थेने आपल्या सभासदाला काही दिले, की रेघेचा प्रश्न पुन्हा उभा राहील. तो उभा राहण्यापूर्वीच, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या आधी, जादा रक्कम कोणत्या सूत्राने देणार हे लेखी ठरवून ठेवावे. नफा दिसल्यावर ठरवलेल्या किमतीला नफ्याचा वास येतो, हे खात्याचे म्हणणे इतक्या वर्षांच्या भांडणात मला पटलेले आहे.

माझ्या गावच्या कारखान्याचा अहवाल अजून दरवर्षी पोस्टाने घरी येतो. पिवळट कागद, मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो, आत सभेची नोटीस. मी तो हातात घेतला की आधी सवलतीच्या साखरेचा फरक कोणत्या सदरात दाखवला आहे ते पाहतो. गेली काही वर्षे तो ‘इतर खर्च’ या एका ओळीत मिसळून गेलेला आहे, आणि येत्या सप्टेंबरच्या सभेत तो वेगळा दाखवावा असा लेखी प्रश्न मी मुदतीत पाठवणार आहे.